अवधीच्या रेघा

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, नागपुराहून औरंगाबादेकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराकडे, जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर किन्हीराजा नावाचे गाव आहे. दिवाळीच्या सुमारास तेथे एका आप्तांच्या घरी माझे जाणे झाले. सोयाबीन घरात येऊन पडले होते, तूर अजून शेतात उभी होती, आणि घरात लग्नाची बोलणी चालली होती. मुलगी गावच्या शाळेत शिकविते. मुलगा अभियंता, नोकरी पुण्यास. दोघांनी एकमेकांस पाहिले होते आणि पसंतही केले होते. अडचण एवढीच, की लग्नानंतर दोन महिन्यांत कारखान्याच्या कामासाठी मुलगा जर्मनीस जाणार. मुलीने मात्र हातची नोकरी सोडू नये, असे तिच्या वडिलांचे मत आणि तिचेही. जेवणे आटोपल्यावर आम्ही ओसरीवर सुपारी कातरीत बसलो असता ती मुलगी आली आणि मला म्हणाली, “मामा, तुम्ही त इतिहास वाचता. असं दूर-दूर राहून निभते काय? आधी कोणाचं निभलं?”

अशा वेळी वडीलधारी माणसे जे बोलतात तेच मी बोललो. मन घट्ट असले की सर्व निभते, वगैरे. तिने मान हलविली. पण तिचे समाधान झाले नव्हते हे मला दिसत होते. खरे म्हणजे माझेही झाले नव्हते. मन घट्ट असलेल्या माणसांचेही संसार अंतराने मोडलेले आहेत, आणि साध्या, हळव्या माणसांचे टिकलेले आहेत. तेव्हा श्रोतेहो, आजचे हे भाषण म्हणजे त्या रात्री ओसरीवर द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजावे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पतीने दूर जाणे आणि पत्नीने मागे राहणे हा आपल्या देशात नवा प्रकार नव्हे. नवा आहे तो ह्या मुलीचा प्रश्न. “निघू का?” असे जाणारा विचारीत असेल, “कधी याल?” असे राहणारी विचारीत असेल, पण हे आपल्याला मानवेल की नाही, हे आधी ठरवून मग होकार द्यावा, ही मुभा राहणारीला फारशी कधी मिळालेली नाही. त्यामुळे इतिहासात तिच्या प्रश्नाचे सरळ उत्तर शोधू गेल्यास सापडत नाही. आडवाटेने मात्र बरेच काही सापडते.

पहिली आडवाट वाशीमचीच आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ मध्ये वाशीमला सापडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे ह्या शाखेचा इतिहास उजेडात आला. दहाव्या शतकाच्या आरंभीचा पंडित राजशेखर आपल्या ‘काव्यमीमांसे’त एक गंमतीची कथा सांगतो. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घर सोडून निघाला. त्याला परत वळविण्याचा उपाय म्हणून गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि तिला त्याच्या मागे धाडले. तो पुढे, ती मागे, अशी ती दोघे पूर्वेकडे गेली, पांचालांत गेली, अवंतीस गेली, दक्षिणेत उतरली. प्रत्येक देशात तिचा वेष बदले, नृत्य बदले, बोलण्याची रीत बदले, आणि तो थोडाथोडा वश होत जाई. अखेर विदर्भात, मदनाचे क्रीडास्थान अशा वत्सगुल्म नगरात, त्या दोघांचा गांधर्वविवाह झाला. राजशेखराला यातून काव्याच्या रीतींची उपपत्ती सांगावयाची आहे, संसाराची नव्हे. तरीही काव्य आणि साहित्यविद्या यांचे लग्न ज्या गावी लागले त्याच्याच जिल्ह्यातील मुलीने मला अंतराचा प्रश्न विचारावा, याची मला मौज वाटली. ह्या कथेतही सगळी पायपीट वधूनेच केली आहे, हे ओघाने आले.

कथा कथाच. पण महाराष्ट्राच्या खऱ्याखुऱ्या घरांतील विरहाची नोंद पाहावयाची असेल तर त्याहूनही मागे, सातवाहनांच्या काळाशी निगडित अशा ‘गाथासप्तशती’कडे जावे लागते. हाल राजाच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातील गाथांचा संग्रह. त्यांत राजवाड्यांपेक्षा खेडी अधिक, आणि खेड्यांत वाटसरू व त्यांच्या मागे राहिलेल्या बायका अधिक. शास्त्रकारांनी ह्या बायकांना प्रोषितपतिका असे भारदस्त नाव दिले. गाथांतल्या बाया मात्र भारदस्त नाहीत. त्या भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजतात. एका गाथेत तर पती त्याच दिवशी गेलेला आहे, आणि अर्ध्या दिवसातच बाईने ‘आज गेला, आज गेला’ असे मोजीत सगळी भिंत भरून टाकली आहे.

परंतु मला सर्वांत विलक्षण वाटते ती दुसरीच गाथा. पतीने परत येण्याचा दिवस सांगितलेला आहे. तेवढ्या रेघा भरत आल्या आहेत. आता तो दिवस उजाडला आणि तो आला नाही तर हिचे काय होईल, या धास्तीने तिच्या मैत्रिणी गुपचूप त्या भिंतीवरच्या दोन-तीन रेघा पुसून टाकतात. सांगितलेल्या मुदतीला त्या गाथेत ‘ओहि’ असा शब्द आहे. संस्कृतात अवधि, आपल्या मराठीत अवधी. मैत्रिणींना ठाऊक आहे की आजवरची वाट पाहणे हिने सोसले आहे. ठरलेला दिवस कोरडा गेला तर मात्र ते हिला सोसवणार नाही. अंतराचा सगळा भार ह्या एका शब्दावर असतो. ही गोष्ट दीड-दोन हजार वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यातील बायकांना कळत होती.

अवधीच नसेल तर काय होते, याचे दर्शन पेशवाईत घडते. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई पतीबरोबर पानिपतच्या स्वारीत होती. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसानंतर ती कशीबशी दक्षिणेत परत आली; भाऊसाहेब आले नाहीत. पती रणांगणावर पडला, ही गोष्ट तिने मानली नाही. तिने वैधव्य पत्करले नाही. पुढे भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, किल्ले त्याच्या हाती गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पुण्याच्या कारभाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. तोतयाचे बंड राजकारणाचे होते हे खरे. परंतु त्याला जी जागा मिळाली ती एका स्त्रीच्या वाट पाहण्याने मोकळी ठेवलेली जागा होती. पार्वतीबाई १७८३ मध्ये वारली. बावीस वर्षे तिने जे केले त्याला निष्ठा म्हणावे की आणखी काही, हे मला आजवर ठरविता आलेले नाही. पुण्यातील कोणीही मैत्रीण तिच्या भिंतीवरील रेघा पुसू शकत नव्हती, कारण कितवी रेघ शेवटची हे कोणीच सांगितलेले नव्हते.

पेशवाई गेली, गिरण्या आल्या. १८५६ मध्ये मुंबईत कावसजी दावर यांची कापडगिरणी चालू झाली, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोकणातील व घाटावरील हजारो घरांची दोन ठिकाणी वाटणी झाली. पुरुष चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर निजे व खाणावळीत जेवे; बाई गावी शेत, सासू, गुरे आणि मुले सांभाळी. गणपतीला आणि शिमग्याला भेट. १८८० मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि ह्या संसारांना एक नवाच धागा मिळाला. रकमेबरोबर दोन शब्द लिहावयास त्या कागदावर थोडीशी जागा असे. ती बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने भरली जाई, आणि गावी ती तिसराच कोणी वाचून दाखवी. नवऱ्याचे बायकोशी बोलणे पोस्टमन, शेजारी आणि सासरा ह्यांच्या कानांवरून जाई. अशा बोलण्यात ‘पैसे पोचले’, ‘पाऊस बरा आहे’, ‘म्हैस व्याली’ ह्यापलीकडे काय मावणार? आणि तरीही हे संसार टिकले, पिढ्यान्‌पिढ्या टिकले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा तो जुना डोलारा कोसळेपर्यंत टिकले. त्यांचे टिकणे पाहून काही लोक म्हणतात, पाहा, पूर्वीच्या बायका कशा सोसत! सोसत होत्या हे खरे. परंतु त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. ज्याला पर्याय नाही त्याला ते मानवले, असे म्हणणे हा बुद्धीचा आळस आहे. किन्हीराजाच्या मुलीला हे उदाहरण देणे म्हणजे तिच्या प्रश्नाची चेष्टा करणे होय.

तिला उदाहरण द्यावयाचे तर ते अशा दांपत्याचे दिले पाहिजे की ज्यांनी समजून-उमजून अंतर पत्करले, आणि त्या काळात काय घडले हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. असे एक दांपत्य महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव आपण सर्वजण शाळेत शिकलो. मात्र शाळेत आपण त्यांचा पराक्रम शिकलो, त्यांची पत्रे नव्हे. मी आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी यांच्याविषयी बोलत आहे.

चरित्राचा सांगाडा परिचित आहे, म्हणून भरभर सांगतो. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न. पती टपाल खात्यात नोकर, वयाने सुमारे वीस वर्षांनी वडील, बिजवर. पत्नीने शिकले पाहिजे हे त्यांचे वेड. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकाची ओढ तेथून लागली. १८७८ मध्ये कोल्हापुराहून गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले. ते एका मिशनरी मासिकात छापले गेले. आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी दंतवैद्याच्या दारी बसल्याबसल्या ते वाचले. वाचून त्यांनी ह्या अनोळखी हिंदू मुलीला पत्र धाडले. मुलीचे उत्तर गेले. पुढे तीन वर्षे, एकमेकींचे तोंड न पाहता, ह्या दोघींची मावशी-भाचीची नाती जुळली. दूरस्थ संबंध मानवतो की नाही याचा पहिला धडा आनंदीबाईंना पतीकडून मिळाला नाही. तो मिळाला सातासमुद्रापलीकडच्या ह्या मावशीकडून. मनातले कागदावर कसे उतरावे, आणि उतरविलेले वाचणारा रागावत नाही असा विश्वास कसा वाटतो, हे त्या तेथे शिकल्या. याचे महत्त्व पुढे दिसेल.

आता ज्या प्रसंगावर मला थोडे थांबावयाचे आहे तो २४ फेब्रुवारी १८८३ चा. गोपाळरावांची बदली बंगालमध्ये सेरामपूर येथे झालेली होती. पत्नीने अमेरिकेस एकटीने जावे असे ठरले होते, आणि गावात त्याविषयी नाही नाही ते बोलले जात होते. तेव्हा ह्या मुलीने सेरामपूरच्या कॉलेजात उभे राहून इंग्रजीत जाहीर भाषण केले. तिला अठरा वर्षे पूर्ण होण्यास एक महिन्याहून अधिक अवधी होता. लोक मला सहा प्रश्न विचारतात, असे सांगून तिने एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेसच का? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? संकट आले तर काय कराल? आपल्या कोणा भगिनीने आजवर केले नाही ते तुम्हीच का करावे? ह्या पाचांची उत्तरे वक्तृत्वपूर्ण आहेत, आणि चरित्रकार ती आवडीने देतात. मला मोलाचा वाटतो तो सहाव्यांपैकी तिसरा, साधा, घरगुती प्रश्न: मी एकटी का जाते?

त्याचे उत्तर तिने असे दिले, की आम्हां दोघांचा बेत प्रथम बरोबर जाण्याचाच होता. तो सोडावा लागला. पुरेसा पैसा नाही हे एक कारण, पण तेवढेच नाही. माझ्या पतीवर वृद्ध आईबाप आणि धाकटी भावंडे अवलंबून आहेत. एका जिवाच्या काळजीसाठी इतक्यांना उपाशी ठेवणे निर्दयपणाचे होईल. म्हणून मी एकटी जाते.

ह्या उत्तराची प्रत लक्षात घ्या. त्यात विरहाचे गाणे नाही, पातिव्रत्याची ग्वाही नाही. बेत कोणाचा होता, तो का बदलला, बदलल्यामुळे कोणाचे रक्षण झाले, हे तिने हिशेबनिसाप्रमाणे चारचौघांत मांडले. ‘आम्ही’ ह्या शब्दापासून आरंभ करून ती ‘मी’ ह्या शब्दापर्यंत येते, आणि मधली प्रत्येक पायरी दाखविते. मला वाटते, अंतर पत्करणाऱ्या कोणत्याही दोन माणसांना हे उत्तर देता आले पाहिजे. ज्याला देता येत नाही त्याने आगबोटीत पाय ठेवू नये. म्हणजे आजच्या भाषेत, विमानाचे तिकीट काढू नये.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात त्यांचे नाव दाखल झाले. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. म्हणजे अवधी ठरलेला होता. आणि येथून त्या दोघांचा खरा कसोटीचा काळ लागला.

गोपाळराव टपाल खात्यातले. दुसऱ्यांची पत्रे पोचविण्यात ज्याचे आयुष्य गेले तो माणूस आता स्वतःच्या पत्राची वाट पाहू लागला. त्या काळी पत्र जाऊन उत्तर येण्यास तीन महिने सहज लागत. याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. चैत्रात रागाने लिहिलेले पत्र वैशाखाच्या अखेरीस तिच्या हाती पडावे. तोवर याचा राग निवून याने मायेचे दुसरे पत्र टाकलेले असावे. तिने मात्र रागाच्या पत्राचे उत्तर जळत्या मनाने लिहावे, आणि ते आषाढात याच्या हाती पडावे. दोघेही सदैव एका जुन्या माणसाशी भांडत असतात. समोरचा माणूस केव्हाच पुढे गेलेला असतो. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचे जे चरित्र लिहिले त्यात ही पत्रे आहेत. ती वाचताना प्रथम पानाच्या वरची तारीख पाहावी, म्हणजे अर्ध्या कलहांचा उलगडा होतो.

अर्ध्याच, उरलेले अर्धे तारखेने सुटत नाहीत. गोपाळरावांनीच पत्नीला पाठविले, आणि पाठविल्यावर त्यांच्याच मनात शंका घर करू लागली. फिलाडेल्फियाची थंडी नऊवारी लुगड्यात सोसेना म्हणून आनंदीबाईंनी गुजराथी पद्धतीने पातळ नेसावयास आरंभ केला, तर त्या बदलाकडेही त्यांनी संशयाने पाहिले. तिने बदलावे म्हणून ज्याने सारा जन्म खटपट केली त्यालाच तिचा बदल डोळ्याआड झाला म्हणून सहन होईना. गोपाळरावांना खलपुरुष ठरविण्याची अलीकडे रीत पडली आहे. तिच्यात मी सामील होणार नाही. पण त्यांच्या स्वभावातील हा दोष अंतराने निर्माण केला असेही मी म्हणणार नाही. तो आधीपासून होता.

आणि तो होता हे आपल्याला कोण सांगते? आनंदीबाईच सांगतात. अमेरिकेहून पतीस लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी जे लिहिले ते त्या काळच्या कोणा हिंदू पत्नीने पतीस लिहिले असेल असे मला वाटत नाही. तुम्ही मला वागविलेत ते बरे की वाईट हे ठरविणे कठीण आहे, असे त्या म्हणतात. शेवट पाहिला तर ते योग्य ठरले. पण एका लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होईल ते पाहिले तर अयोग्य होते. आणि मग त्या एकेक आठवण काढतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार. बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, आणि सोडून जाण्याची धमकी. चौदाव्या वर्षीच्या आणखी चमत्कारिक शिक्षा. आवाज चढविलेला नाही, शाप नाही, आभार नाकारलेले नाहीत. दोन्ही बाजू ताजव्यात टाकून काटा जेथे थांबला तेथे थांबू दिला आहे.

सेरामपूरच्या घरात, संध्याकाळी जेवणाचे पान वाढता वाढता, हे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले असते काय? मला वाटते, नाही. ते निघण्यास मध्ये दोन महासागर हवे होते, आणि त्याच्या आधी तीन वर्षे मावशीला लिहिलेली पत्रे हवी होती. अंतराने त्यांच्या संसाराची शांतता मोडली असे आपण म्हणू लागतो, पण जी मोडली ती शांतता होती कोठे? ती एका बाजूचे मुकेपण होते.

गोपाळरावांना मात्र अवधी पुरा होईपर्यंत धीर निघाला नाही. ते स्वतःच निघाले आणि १८८५ मध्ये अमेरिकेत पोचले. सेरामपूरच्या सभेत सांगितलेले कारण ह्या वेळी आड आले नाही. तेथे त्यांनी व्याख्याने दिली, अमेरिकनांच्या चालीरीतींवर आणि खुद्द स्त्रीशिक्षणावर तोंडसुख घेतले, आणि ज्यांनी आनंदीबाईंना आसरा दिला त्यांचीच मने दुखविली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा सभागृहात गोपाळराव होते, आणि इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाईही होत्या. तोवर प्रकृती ढासळली होती. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात दोघे मुंबईस उतरली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक झालेली होती. ती त्यांच्या हातून घडली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविल्या, आणि न्यूयॉर्क प्रांतातील पकीप्सी येथे मावशीच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्या विसावल्या आहेत. पतीच्या हातून झालेल्या ह्या शेवटच्या कृत्यात मला त्यांच्या सर्व पत्रांहून अधिक समजूतदारपणा दिसतो.

निभले की नाही? किन्हीराजाच्या मुलीने हे ऐकून मला हाच प्रश्न केला असता. पदवी मिळाली, मोडले काहीच नाही, तेव्हा निभले असे म्हणता येईल. पण ते सुखाने निभले असे म्हणवत नाही. म्हणून आणखी एका घराकडे वळतो. येथे अंतर मैलांचे फारसे नव्हते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पदरी लहान मुलगा. पुढची सुमारे साडेचार-पाच वर्षे त्या नातेवाइकांच्या आश्रयाने, बराच काळ पंढरपुरास, पतीवाचून राहिल्या. पंढरपूर आणि अहमदनगर यांच्यामध्ये समुद्र नाही. मध्ये होती ती जात. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे दिवस मी सांगावयास नकोत. रडता रडता हसविणारे असे दुसरे पुस्तक मराठीत नाही. मला सांगावयाचे आहे ते त्यांच्या परतण्याच्या रीतीविषयी. लक्ष्मीबाई पतीकडे गेल्या त्या धर्म बदलून नव्हे. प्रथम त्या आपला स्वयंपाक वेगळा ठेवून, आपले सोवळे सांभाळून नगरास राहिल्या. टिळकांनी ते चालू दिले. त्यांनी जबरदस्ती केली नाही, आणि लक्ष्मीबाईंनी लोकलाजेस्तव नाटकही केले नाही. पुढे सोवळ्याओवळ्यातला फोलपणा त्यांचा त्यांना उमगला आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षांचे अंतर एका दिवसात, एका मिठीत मिटले असते तर गोष्ट गोड झाली असती. ते मिटले चुलीचुलीने, ताटाताटाने.

गोपाळरावही हट्टी होते, टिळक तर त्यांच्याहून लहरी. फरक मला एवढाच दिसतो, की परत येणाऱ्या माणसाला टिळकांनी जुन्या माणसाचा पोशाख अंगावर चढवावयास लावला नाही. बदलून येणाऱ्याला, किंवा न बदलता येणाऱ्याला, जसा येईल तसा घरात घ्यावयाचे. याची तयारी दूर गेलेल्याकडे जितकी हवी तितकीच मागे राहिलेल्याकडे हवी. आणि तिची परीक्षा अंतर असताना होत नाही, ते संपल्यावर होते. गाथेतल्या मैत्रिणींना ठरलेल्या दिवसाची धास्ती वाटली ती उगीच नव्हे. मात्र तो येईल की नाही एवढीच त्यांना चिंता होती. कसा येईल, आणि आला तेव्हा ही कशी असेल, ही चिंता गाथेत नाही.

आज जर्मनी आणि किन्हीराजा यांच्यामध्ये साडेतीन-साडेचार तासांच्या घड्याळाच्या फरकाखेरीज काही नाही, असे लोक म्हणतात. मोबाईलवर चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, सासूबाईंची तूर किती झाली तेही कळते. खरे आहे. तीन महिन्यांचा कलह आता तीन मिनिटांत होतो आणि तीन मिनिटांत मिटतो. परंतु आनंदीबाईंचे ते पत्र कोणी मोबाईलवर बोलून दाखविले असते असे मला वाटत नाही. चेहरा समोर दिसू लागला की पुन्हा जेवणाच्या पानापुढचा संकोच येतो. तेव्हा साधने वाढली म्हणून प्रश्न सुटला, ही समजूत मी तरी त्या मुलीला देणार नाही.

गेल्या महिन्यात मी तिला हे सगळे लिहून कळविले. मोबाईलवर नव्हे, चांगले आठ पानांचे पत्र लिहिले. उत्तरादाखल तिचा फोन आला. म्हणाली, “मामा, ते तिसरं सवाल मी त्याईले पाठवलं. ‘मी एकटा का जातो?’ एवढंच लिहा म्हटलं. आन मीबी लिहिते, ‘मी मागं का राहते?’ मंग दोघाईचं वाचून पाहू.”

मी विचारले, त्यांचे उत्तर काय आले?

“पह्यल्यांदा एकच शब्द आला, पगार. मी म्हटलं, हे त मलेबी माहीत हाय. आता त्याईनं आठ दिवस मागितले.”

मी विचारले, आणि तुझे लिहून झाले काय?

“नाही न, मामा,” ती म्हणाली. “मलेबी आठ दिवस लागतीन असं दिसते.”